वारा वाढला की नांगर का सरकतो? २६ फुटी शिडाच्या होडीसाठी नांगर, साखळी, दोर आणि त्यांची बसवणूक

प्रश्न थोडक्यात असा आहे: होडी २६ फुटी, वजन अडीच ते तीन टन, खाली एकच कील (तळाखालचा जड, उभा कणा), मागे ८ अश्वशक्तीचे आउटबोर्ड इंजिन. होडीबरोबर ६ किलोचा, दांड्याला बिजागरी असलेला जुना नांगर आला आहे. त्याला २ मीटर साखळी आणि पुढे २५ मीटर निळा पॉलिप्रॉपिलीनचा दोर. शांत दुपारी होडी जागेवर राहते, वारा उठला की सरकू लागते. मोठा नांगर घ्यावा की साखळी वाढवावी? आणि हे सगळे होडीला पक्के कसे बसवावे?

आधी उत्तर देतो, कारणे नंतर. अखंड दांड्याचा, खोलगट फाळाचा १० किलोचा नांगर घ्या. त्याला ८ मिमीची १० मीटर गॅल्व्हनाइज्ड साखळी आणि पुढे १२ मिमीचा ५० मीटर नायलॉन दोर जोडा. पण यातले काहीही विकत घेण्याआधी पुढच्या डेकखाली डोके घालून क्लीटचे (दोर बांधायच्या दुशिंगी खुंटीचे) बोल्ट कशाला धरून आहेत ते पाहा. या आकाराच्या बऱ्याच जुन्या होड्यांत तिथे चार स्क्रू आणि नाण्याएवढे वॉशर, एवढेच सापडते. तसे असेल तर भारी नांगराने एवढेच साधेल की दोष खाली तळाशी न दिसता वर डेकवर दिसेल.

ओढ किती असते

नांगर निवडताना दुकानातला तक्ता होडीची लांबी विचारतो. खरे काम मात्र वारा करतो, आणि वाऱ्याची ओढ त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट झाला की ओढ चौपट. होड्यांची मानके ठरवणाऱ्या अमेरिकन बोट अँड यॉट काउन्सिलच्या तक्त्यात २५ फुटी होडीसाठी १५ नॉट (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) वाऱ्याला सुमारे ५७ किलो, ३० नॉटला सुमारे २२२ किलो आणि ४२ नॉटला सुमारे ४४५ किलो ओढ धरली आहे. ३० फुटी होडीला हेच आकडे साधारण ८०, ३१८ आणि ६३५ किलो होतात. तुमची होडी या दोन्हींच्या मध्ये, पण पहिलीच्या जवळ. तक्ता लाटांपासून बऱ्यापैकी आडोसा असलेल्या जागेसाठी आहे. उघड्या जागी लाटेबरोबर नाळ (होडीचे पुढचे टोक) वर उसळते तेव्हा बसणारे झटके यापेक्षा मोठे असतात.

तुमची दुपार ५७ किलोंची होती आणि जी संध्याकाळ फसली ती दोनशेच्या आसपासची. म्हणजे नांगर ‘दुपारी चालत होता’ यातून काहीही सिद्ध होत नाही. ५७ किलो ओढ तर गाळात रुतलेली एखादी जड वस्तूही धरून ठेवते.

ती ओढ तळाशी कोणत्या कोनात पोहोचते

नांगर आडवा ओढला की फाळ खाली जातो, आणि वर ओढला की निघतो. तो उचलता यावा म्हणून त्याची रचनाच तशी आहे. त्यामुळे किती दोर सोडला यावर सगळे अवलंबून. पाण्याच्या सात पट सोडल्यास ताणलेला दोर तळाशी साधारण ८ अंशांचा कोन करतो, पाच पट सोडल्यास साडेअकरा अंश आणि तीन पट सोडल्यास साडेएकोणीस अंश. तीन पटीला फाळ पकड सोडायच्या बेतात असतो. जेवायला थांबला आहात, होडीवर माणूस जागा आहे आणि वारा झुळूकभर आहे, तर चालेल. झोपायला नाही.

गफलत नेहमी ‘पाणी’ मोजण्यात होते. डेप्थ साउंडरवरचा (खोली मोजणाऱ्या यंत्रावरचा) आकडा म्हणजे ही खोली नव्हे. त्यात तीन गोष्टी मिळवायच्या: साउंडरचा सेन्सर पाण्याखाली जितका असेल तेवढे अंतर (तुमचा साउंडर ते आधीच धरत नसेल तर), पाण्यापासून नाळेवरच्या रोलरपर्यंतची (दोर जिच्यावरून जातो त्या चाकीपर्यंतची) उंची, आणि मुक्कामात भरतीने वाढणारे पाणी. उदाहरण घ्या. ओहोटीला ४ मीटर पाणी आहे, रोलर १ मीटर उंच आहे आणि भरती ३ मीटर चढणार आहे. एकूण ८ मीटर, सात पट म्हणजे ५६ मीटर. तुमच्याकडे साखळी धरून २७ मीटर आहेत, म्हणजे भरतीच्या वेळी साडेतीन पटही नाहीत. संध्याकाळी घट्ट बसलेला नांगर मध्यरात्री सुटला, तर बऱ्याचदा मागे हेच गणित असते. वाऱ्याला उगाच दोष जातो. उधाणाच्या भरतीला हा फरक आणखी वाढतो, भांगाच्या, म्हणजे लहान भरतीच्या, दिवसांत कमी होतो.

१० मीटर साखळी आणि ५० मीटर दोर हे आकडे याच हिशेबातून आले आहेत. तुमच्या नेहमीच्या मुक्कामांत पाणी याहून खोल असेल तर दोर वाढवा, साखळी नको. त्याचे कारण पुढे देतो.

नांगराचा प्रकार

मराठीत शेतातलाही नांगर आणि समुद्रातलाही नांगरच. एकाने जमीन फाडत पुढे जायचे, दुसऱ्याने फाडून तिथेच थांबायचे. तुमच्याकडचा बिजागरीचा नांगर सीक्यूआर घराण्यातला आहे. ब्रिटिश शास्त्रज्ञ जेफ्री टेलर यांनी १९३३ मध्ये तो पाण्यावर उतरणाऱ्या विमानांसाठी आखला. त्याचा आकार शेतातल्या नांगराचाच, आणि ओढ वाढली की तो तळाशी तास पाडत शांतपणे मागे येतो. धक्का बसत नाही, म्हणून सरकत असल्याचे कळतही नाही. त्या काळच्या मानाने तो उत्तम होता, आणि मोठ्या वजनात आजही लोक वापरतात. पण ६ किलोत त्याला जड गाळाचा किंवा घट्ट वाळूचा थर फोडून आत जाण्याइतके वजन टोकावर मिळत नाही. शिवाय जुन्या नगाची बिजागरी झिजून ढिली झाली असेल, तर तो कुशीवर पडून राहतो आणि टोक आत वळतच नाही. हातात धरून दांडा वर-खाली हलवून पाहा. खडखड करत असेल तर त्याच्यावर रात्र काढू नका.

ब्रूस हा तीन नख्यांचा नांगर १९७० च्या दशकात पीटर ब्रूस यांनी तेलविहिरींच्या कामासाठी काढला. तो पटकन बसतो, खडकाळ जागीही काहीतरी पकडतो, पण वजनाच्या मानाने त्याची धारणशक्ती कमी, आणि नख्यांत दगड अडकला की संपलेच. डॅनफोर्थ हा दोन सपाट फाळांचा. वाळूत आणि मऊ गाळात त्याच्या वजनाला तोड नाही. वारा किंवा प्रवाह उलटा फिरला की त्याची परीक्षा होते. तो उपटला जातो आणि फाळांच्या बिजागरीत शिंपला किंवा खडा अडकला असेल तर पुन्हा बसत नाही. म्हणून दिशा बदलणाऱ्या जागी एकटा डॅनफोर्थ नको. डेल्टा अखंड दांड्याचा, टोकाला वजन भरलेला आणि मधल्या दर्जाचा आहे. आधीच होडीवर असेल तर तो बदलण्याची घाई नाही.

आजच्या नव्या पिढीत स्पेड, रोक्ना, मॅन्सन सुप्रीम वगैरे येतात. सगळ्यांचा फाळ फावड्यासारखा खोलगट. रोक्ना आणि मॅन्सनच्या पाठीवर कमान असते. नांगर उलटा पडला तरी ती त्याला लोळवून टोकावर आणते. स्पेडला कमान नाही, ते काम टोकातले शिसे करते. तुमच्या होडीला यांतला कुठलाही १० किलोच्या आसपासचा चालेल. तक्त्यात होडी दोन मापांच्या सीमेवर येत असेल तर वरचे माप घ्या. एका मापाच्या फरकाने वाढणारे चार किलो हाताला फारसे जाणवत नाहीत.

या नांगरांची नक्कल घेताना तीन जागा तपासा. दांडा आणि फाळ जिथे जुळतात ती वेल्डिंगची शिवण सलग आहे का. दांडा पोलादी पट्टीचा असेल तर पट्टी किती जाड आहे. वारा फिरल्यावर रुतलेल्या फाळाला दांडा कुशीने ओढतो आणि मऊ पोलादाचा पातळ दांडा तिथे वाकतो. आणि टोक खरोखर धारदार आहे का, की रंगाच्या थराखाली बोथट पट्टीच आहे. स्टेनलेस नांगर दिसायला देखणा असतो, गाळ लवकर सोडतो, पण धरण्यात काडीचा फरक नाही. ते पैसे दोरात घाला.

तळ कसला आहे त्यावरही बरेच ठरते. स्वच्छ वाळूत आणि मध्यम गाळात वरचा कुठलाही नांगर बसेल. अगदी पातळ, खिचडीसारख्या गाळात मोठे क्षेत्रफळ लागते. तिथे फोर्ट्रेस हा ॲल्युमिनियमचा डॅनफोर्थ जातीचा नांगर सरस ठरतो, कारण त्याच्या फाळाचा कोन ३२ वरून ४५ अंशांवर करता येतो. शेवाळ आणि समुद्री गवत मात्र सगळ्यांनाच नडते. फाळ गवताच्या गादीवर घसरतो किंवा गवताचा गठ्ठा पकडून ‘बसलो’ असा भास देतो, आणि जोर वाढला की तो गठ्ठा मुळासकट निघतो. पाणी स्वच्छ असेल तर वाळूचा फिकट ठिपका शोधून तिथेच नांगर सोडा. पाणी गढूळ असेल तर शिसाच्या वजनाच्या बुडाला ग्रीस लावून ते तळाला टेकवा. वर येताना ग्रीसला काय चिकटले आहे त्यावरून वाळू, चिकण गाळ की नुसता खडक हे कळते. ही युक्ती नकाशांइतकीच जुनी आहे आणि अजून फसलेली नाही.

साखळी: जितकी वाटते तितकी नाही

साखळीच्या वजनाने दोराला झोळ पडतो आणि नांगरावरची ओढ आडवी राहते, हे खरे आहे. पण हलक्या वाऱ्यात. ८ मिमीची साखळी मीटरला सुमारे १.४ किलो भरते, पाण्यात १.२ च्या आसपास. रोलरपासून तळापर्यंत ५ मीटर धरा. ५७ किलो ओढीला, नांगराशी साखळी अगदी आडवी राहावी असे वाटत असेल तर २२ मीटर साखळी लागते. २२२ किलोंना तीच लांबी ४३ मीटर होते, म्हणजे नाळेत ६० किलो लोखंड. अडीच-तीन टनांच्या होडीच्या टोकावर एवढा भार ठेवला की ती लाटेत नाक आपटत चालते, आणि हे ओझे वर्षभर वाहायचे ते काही वाऱ्याच्या रात्रींसाठी. तेव्हा या आकाराच्या होडीत पूर्ण साखळी नको.

मग १० मीटर कशाला? कारण तळाशी दगड, शिंपले, जुने लोखंड असते आणि त्यावर नायलॉन घासला तर एका रात्रीत कापला जातो. साखळीचे पहिले काम घर्षण झेलणे. होडीच्या लांबीइतकी साखळी हा किमान अंदाज. दुसरे काम, नांगर बसताना दांडा खाली दाबून धरणे. झोळाचा फायदा तिसरा, आणि तो झुळूकीपुरता. १० मीटरचे आणखी एक कारण हाताचे आहे: विंडलास (साखळी ओढणारे यंत्र) नसताना १५ मीटर खोलीतून नांगर काढताना १० किलो नांगर आणि १४ किलो साखळी मिळून चोवीसेक किलो हातावर येतात. ते झेपते. पूर्ण साखळी असती तर पंधरा मीटर लोंबली असती आणि वजन तीस किलोंच्या वर गेले असते.

६ मिमी का नाही? साध्या, ग्रेड ३० च्या ६ मिमी साखळीचा सुरक्षित कामाचा भार सुमारे ४०० किलो असतो. ४२ नॉटच्या तक्त्यातला आकडा ४४५. झीज आणि झटके धरले तर हात राखायला काही उरत नाही. ८ मिमीला तो सुमारे ८०० किलो आहे. फरक १० मीटरमागे ६ किलोंचा, तेवढा सोसा. साखळी चाचणी झालेली आणि आखूड कडीची घ्या. कुंपणाला वापरतात ती लांब कडीची साखळी स्वस्त असते, पण तिची कडी कुशीने दाबली की वाकते. पुढे कधी विंडलास घ्यायचा असेल तर जिप्सीच्या (विंडलासच्या, साखळी धरणाऱ्या चाकाच्या) खाचा कोणत्या मानकाच्या आहेत हे आधी विचारा. ८ मिमीत फारसा घोळ नाही, १० मिमीत मात्र कडीची आतली लांबी २८ मिमी आणि ३० मिमी अशी दोन्ही मिळते, आणि चुकीची साखळी दर काही कड्यांनी उडी मारते.

दोर

निळा दोर काढून टाका. पॉलिप्रॉपिलीन पाण्यावर तरंगतो, म्हणजे ओढ ढिली असताना त्याचे वेटोळे दुसऱ्याच्या इंजिनाच्या पंख्याची वाट पाहत पसरते. उन्हात तो बाहेरून पावडर होत जातो. आणि नांगराच्या दोरात हवी ती लवचीकता त्याच्यात नाही.

नायलॉन ताणतो. तुटण्यापूर्वी चांगला तीन पदरी नायलॉन लांबीच्या पाव हिश्श्याहून जास्त लांबू शकतो. नाळ लाटेवर चढते तेव्हाचा झटका या ताणात मुरतो, नांगरापर्यंत आणि क्लीटपर्यंत पोहोचत नाही. वर म्हटले की खोल पाण्यासाठी दोर वाढवा, ते म्हणूनच. लोखंडाच्या झोळाने वादळात जे होत नाही ते नायलॉनच्या ताणाने होते.

नवा १२ मिमी नायलॉन साधारण तीन टनांना तुटतो. भिजल्यावर त्यातला दहा-पंधरा टक्के जोर जातो आणि गाठ मारली तर निम्म्याच्या आसपास जाऊ शकतो, म्हणून गाठ नाही, स्प्लाइस (पदर ओवून केलेला जोड). जाड दोर जास्त सुरक्षित असे वाटून १६ मिमी घेऊ नका. तो तुमच्या होडीच्या वजनाला ताणलाच जाणार नाही, आणि मग नायलॉन घेऊन काय मिळवले? तीन पदरी दोर विणायला सोपा पण पीळ धरतो. आठ पदरी चौकोनी वीण लॉकरमध्ये (दोराच्या कप्प्यात) मऊ पडते आणि गुंता करत नाही. हाताने उचलणार असाल तर आठ पदरीच बरा.

दर ५ मीटरला खूण करा. साखळीवर रंग, दोरावर पदरांतून ओवलेली रंगीत फीत. रात्री हाताला कळावी म्हणून १० मीटरला एक गाठीची फीत, २० ला दोन. खूण नसेल तर ‘अंदाजे तीस’ म्हणून सोडलेला दोर वीसच्या पुढे क्वचितच गेलेला असतो.

जोड

नांगर आणि साखळी यांच्यामध्ये गॅल्व्हनाइज्ड, कमानीच्या आकाराचा शॅकल (पिनने बंद होणारी कडी), ज्याच्या अंगावर सुरक्षित भार उठवलेला आहे असाच. १० मिमीच्या चांगल्या शॅकलवर एक टन लिहिलेले असते, ८ मिमीवर पाऊण टन. काहीच लिहिलेले नसेल तर तो फुलझाडाची कुंडी टांगायला ठेवा. खरेदीला जाताना साखळीचा तुकडा घेऊन जा, कारण मोठ्या शॅकलची पिन साखळीच्या कडीत जात नाही आणि जाणारा शॅकल साखळीहून कमजोर असतो, हा तिढा ठरलेला. शेवटची कडी मोठी असलेली साखळी मागून घेतली की तो सुटतो. शॅकलची कमान नांगराच्या दांड्याच्या खाचेत मोकळी फिरते का तेही पाहा. अडकत असेल तर वारा फिरल्यावर शॅकलवर कुशीची ओढ येते.

पिनच्या आट्यांना थोडे ग्रीस लावून ती घट्ट आवळा आणि तिच्या डोळ्यातून तार ओवून शॅकलच्या अंगाशी तीन-चार वेढ्यांनी बांधा. मोनेल किंवा स्टेनलेसची बारीक तार चालते. प्लॅस्टिकचा टाय उन्हाने ठिसूळ होतो. न बांधलेली पिन साखळीच्या सततच्या वळण्याने सुटते, आणि ती सुटल्याचे नांगर न येता नुसती साखळी वर आली की समजते.

स्विव्हल (फिरती कडी) टाळा. दोर-साखळीच्या जोडणीत त्याची क्वचितच गरज पडते आणि तो साखळीतला आणखी एक झिजणारा भाग होतो. पीळ खरोखरच त्रास देत असेल तर स्विव्हल थेट नांगराला लावू नका. मध्ये तीन-चार कड्या ठेवा. नांगर रुतलेला असताना ओढीची दिशा बदलली की थेट लावलेल्या स्विव्हलचा जबडा तरफेसारखा उचकटतो.

साखळी आणि दोर जोडायचे दोन मार्ग आहेत. विंडलास नसेल तर थिंबलभोवती (दोराला आतून आधार देणाऱ्या खोबणीच्या कडीभोवती) डोळा विणा आणि शॅकलने जोडा. नायलॉन निसरडा असतो, म्हणून किमान पाच पूर्ण फेरे ओवा, सात घातले तर उत्तम. डोळा थिंबलवर घट्ट बसला पाहिजे आणि वर दोऱ्याने आवळून बांधला पाहिजे. ओढीखाली डोळा लांबतो आणि ढिले थिंबल आडवे होऊन त्याचीच धार दोराला कापते. विंडलास असेल तर दोर थेट शेवटच्या कडीत विणतात. दोन पदर एका बाजूने, एक दुसऱ्या बाजूने कडीतून नेऊन दोरात परत ओवायचे. हा जोड रोलरवरून आणि जिप्सीतून सरळ जातो, पण कडीत दोर घासतो. दर हंगामाला उघडून पाहायचा, आणि शंका आली की अर्धा मीटर कापून नवा विणायचा.

डेकवरची बसवणूक

क्लीटचे माप दोराच्या जाडीवरून ठरवतात: दोराच्या जाडीच्या साधारण सोळा पट लांबी. १२ मिमीला सुमारे २०० मिमी. चार बोल्ट, ८ मिमीचे, ३१६ स्टेनलेसचे.

फायबरच्या डेकमध्ये बहुधा दोन थरांमध्ये बाल्सा लाकूड किंवा फोम असतो. सरळ भोक पाडून बोल्ट आवळला तर हा गाभा दबतो, सीलंट फाटते, पाणी शिरते आणि दोन-तीन वर्षांत बाल्सा कुजून लगदा होतो. म्हणून वरचा थर आणि गाभा यांतून १६ मिमीचे भोक पाडा, खालचा थर शाबूत ठेवा. कडेचा गाभा वाकवलेल्या खिळ्याने थोडा खरवडा. घट्ट केलेले इपॉक्सी भरा, पूर्ण वाळू द्या आणि मग त्या इपॉक्सीच्या मधोमध आरपार ८.५ मिमीचे भोक पाडा. वरच्या तोंडाला किंचित उतार द्या, म्हणजे सीलंटची कडी तिथे बसेल. ब्यूटिल टेप (मऊ, चिकट सीलंटची पट्टी) बोल्टच्या मानेभोवती गुंडाळा आणि क्लीटच्या बुडाला लावा.

खाली वॉशर नाही, पट्टी. क्लीटच्या बुडाच्या दुप्पट-तिप्पट क्षेत्रफळाची, ६ ते ८ मिमी जाड फायबरग्लासची. ॲल्युमिनियमही लोक लावतात, पण ओलसर लॉकरमध्ये स्टेनलेस बोल्टच्या संगतीने ते पांढरे पडून खाल्ले जाते. डेकचा खालचा पृष्ठभाग खडबडीत असतो, तेव्हा पट्टी घट्ट इपॉक्सीच्या थरावर बसवा. नाहीतर ती दोन उंचवट्यांवर टेकते आणि सगळा भार तिथेच जातो. आवळताना बोल्ट स्थिर धरा आणि खालून नट फिरवा, कारण बोल्ट फिरला की मानेभोवतीचे सीलंट सुटते. ब्यूटिल हळूहळू पिळून बाहेर येते, म्हणून एका दमात न आवळता दोन-तीन दिवसांत थोडे थोडे आवळत जा.

बो रोलरची गफलत वेगळीच असते. तो समोरच्या ओढीला पुरतो, पण कीलची होडी नांगरावर कधी सरळ उभी राहत नाही. डावी-उजवीकडे झोके घेते आणि दोर रोलरच्या गालांवर आडवा घासतो. गाल उंच, कडा गोल घासलेल्या आणि वरून दोर उडू नये म्हणून आडवी पिन, या तीन गोष्टी हव्यात. पातळ पत्र्याचा रोलर दोन्ही हातांनी कुशीला दाबून पाहा. हातानेच लवत असेल तर वाऱ्याला तो पुरायचा नाही.

कमानीचा नांगर मागवण्याआधी उत्पादकाच्या मापांवरून पुठ्ठ्याचा पूर्ण आकाराचा नमुना कापा आणि रोलरवर धरून बघा. दोन ठिकाणी अडते: कमान जिब फर्लरच्या (पुढचे शीड गुंडाळणाऱ्या यंत्राच्या) ड्रमला लागते, किंवा टोक वर येताना नाळेला टोचे मारते. दुसऱ्यावर स्टेनलेसचा पत्रा हा उपाय आहे. पहिल्यावर मात्र रोलर पुढे सरकवणे किंवा बिनकमानीचा नांगर घेणे, एवढेच. समुद्रात चालताना नांगर दांड्यातल्या पिनने आणि वर आवळलेल्या दोरीने, असा दोन्हींनी बांधा. नुसती पिन खडखडून निघते.

दोर रोलरवर किंवा फेअरलीडवर (दोराला वाट देणाऱ्या कडेवरच्या खाचेवर) टेकतो तिथे रात्रभर एकाच जागी घासतो. बहुतेक जण पाण्याच्या नळीचा तुकडा ओवतात. त्यात एक खोट आहे: वारंवार ताणला जाणारा नायलॉन आतून तापतो, आणि बंद नळीत ना हवा जाते ना पाणी. जाड कापडाचे किंवा आग विझवायच्या कापडी पाइपचे आवरण चांगले, कारण ते भिजते आणि दोराला थंड ठेवते. दोन्ही टोकांना दोरीने बांधा, नाहीतर ते घसरत जाऊन नको तिथे बसते. वादळी रात्री दर तासा-दोन तासांनी हातभर दोर सोडून घासण्याची जागा बदला.

लॉकरमध्ये पाणी जायला २० मिमीचे भोक असावे आणि ते गाळाने बुजलेले नसावे. दोराचे शेवटचे टोक लॉकरच्या आतल्या मजबूत कडीला ८ मिमी दोरीच्या तीन-चार वेढ्यांनी बांधा. ही दोरी इतकी लांब ठेवा की सगळा दोर बाहेर गेल्यावर ती डेकवर येईल. दुसरी होडी अंगावर येत असेल आणि नांगर टाकून पळायचे असेल, तर सुरीच्या एका घावात काम होते. टोक शॅकलने जोडले तर ताणाखाली पिन उघडत नाही. मुळीच बांधले नाही तर काय होते ते सांगायला नको.

बसवताना

वाऱ्याला तोंड करून या, होडी पूर्ण थांबू द्या, आणि ती मागे सरू लागली की नांगर तळाला टेकवा. साखळीचा ढीग त्याच्यावर टाकू नका, ती फाळात अडकते. होडी मागे जाईल तसा दोर सोडा. पाण्याच्या तिप्पट सुटला की क्लीटवर एक वेढा घेऊन हलका ताण द्या, म्हणजे टोक आत वळेल. मग पूर्ण लांबी सोडा, बांधा आणि इंजिन उलटे, आधी मंद आणि मग हळूहळू वाढवत. किनाऱ्यावरच्या दोन वस्तू एका रेषेत धरून पाहा. रेषा मिनिटभर मोडली नाही तर बसला. दोरावर तळवा ठेवला की सरकणारा नांगर थरथर आणि ठोके देत कळतो, बसलेल्याचा दोर नुसता घट्ट लागतो.

इथे एक हिशेब लक्षात असू द्या. ८ अश्वशक्तीचे आउटबोर्ड पुढे फार तर ८० किलोंच्या आसपास ओढते, उलटे त्याहून बरेच कमी. म्हणजे पूर्ण जोर लावला तरी तुम्ही जेमतेम १५ नॉट वाऱ्याची परीक्षा घेतलीत. त्यात नापास झालेला नांगर उचलून पुन्हा टाकायचा. पास झालेल्याबद्दल एवढेच कळते की फाळ आत शिरला आहे. रात्री जोराचा वारा अपेक्षित असेल तर उजेड असतानाच आणखी दहा मीटर सोडा, मागे जागा आहे ना ते पाहून.

खडकाळ जागी नांगराच्या डोक्याकडच्या भोकाला वेगळी दोरी आणि छोटा तरंगता गोळा बांधतात, म्हणजे अडकला तर उलट्या दिशेने निघतो. दोरी भरतीच्या खोलीइतकी हवी. ओहोटीला ती ढिली पडते आणि पंख्यात येऊ शकते, म्हणून इतर ठिकाणी ती नको.

देखभाल आणि दुसरा नांगर

दर हंगामाला साखळी पसरून कड्यांची जाडी मोजा. ८ मिमीची कडी कुठे ७ मिमीवर आली असेल तर ती साखळी बाद. नांगराकडचे टोक आधी झिजते, म्हणून दोन वर्षांनी टोके उलटवा. दोरात कुठे पदर कडक किंवा चकचकीत झालेला दिसला तर तो आतून तापून वितळलेला असतो. तेवढा भाग कापा.

दुसरा नांगर हवाच, आणि तो पहिल्यासारखा नसलेला बरा. मागच्या लॉकरमध्ये चारेक किलोचा ॲल्युमिनियमचा डॅनफोर्थ जातीचा, ३ ते ५ मीटर ६ मिमी साखळी आणि ४० मीटर १२ मिमी नायलॉन पिशवीत भरून ठेवा. तळाला टेकलेली होडी ओढून काढायला तो डिंगीतून (सोबतच्या छोट्या होडीतून) नेऊन टाकता आला पाहिजे, त्यामुळे हलका. तुमचा जुना ६ किलोचा नांगर या कामाला घेऊ नका. डिंगीत तो अंगावर येतो आणि टाकल्यावर धरतही नाही. बिजागरी घट्ट असेल तर दुपारच्या मुक्कामांपुरता ठेवा, पण निळ्या दोरावर नाही.